तारीख गेली, रियाज कुठे गेला: एका तबलासाथीदाराचं प्रकरण

हे प्रकरण एका व्यावसायिक तबलावादकाचं आहे. वय पस्तिशीच्या आसपास. काम मुख्यतः ख्यालगायनाच्या साथीचं, स्वतंत्र वादन क्वचित. लहानपणी तो माझ्याकडे शिकला आणि पुढेही काही अडलं की येत राहिला, त्यामुळे या काळातला त्याचा रियाज मला जवळून पाहायला मिळाला. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं कोविडची जागतिक साथ जाहीर केली आणि पुढच्या काही दिवसांत ठिकठिकाणची सभागृहं बंद झाली. याच्या हातातल्या सगळ्या तारखा गेल्या. आधी ‘पुढे ढकललं आहे’ असे निरोप आले, मग निरोपही येईनासे झाले.

पहिल्या काही आठवड्यांत त्याचा रियाज वाढला होता, हे आधी सांगायला हवं. कार्यक्रम गेले की दुसऱ्या दिवशी वादक हात बांधून बसतो असं आपण धरून चालतो. तसं झालं नाही. प्रवास नाही, जागरणं नाहीत, सकाळ मोकळी. जुन्या वह्या निघाल्या, विसरलेले कायदे (ठरावीक बोलांचा विस्तार करत वाजवायच्या रचना) निघाले, एक अवघड चक्रदार (तीनदा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, संपणारी रचना) त्यानं बसवून घेतली. फोनवर आवाज अगदी खुशीत असायचा. घसरण सुरू झाली ती ‘पुढच्या महिन्यात सुरू होईल’ हे वाक्य तिसऱ्यांदा खोटं ठरल्यावर. तीन तासांचा रियाज तासावर आला, तासाचा ‘हात फिरवून घेतो’वर आला, आणि मग असे दिवस येऊ लागले की तबल्यावरची खोळ निघालीच नाही.

नेमकं काय थांबलं

त्याच्या घरच्यांचा समज असा की त्याला कंटाळा आला आहे. तो स्वतः म्हणायचा, “सर, आळस चढलाय.” मला दोन्ही पटत नव्हतं. कारण याच काळात तो ऑनलाइन शिकवण्या घेत होता आणि विद्यार्थ्यांसमोर तासन्‌तास ‘धा तिट धा तिट’ न कंटाळता वाजवत होता. तबला त्याला नकोसा झाला नव्हता. म्हणून मी त्याला आठवडाभर एवढंच टिपून ठेवायला सांगितलं: काय वाजवलं, काय टाळलं.

यादी बोलकी निघाली. कायदे, रेले (जलद बोलांच्या रचना), हात तयार ठेवणारे बोल हे कमीअधिक चालू होतं. पूर्ण बंद पडलं होतं ते विलंबित ठेक्याचं, म्हणजे गाण्याखाली संथ लयीत ताल धरून ठेवण्याचं काम. बड्या ख्यालाला एकतालाचा ठेका धरायचा, मात्रेमात्रेतली जागा अंगात मुरवायची, डग्ग्याची (डाव्या हाताच्या वाद्याची) आस, म्हणजे घुमत राहणारा नाद, कुठे सोडायची आणि कुठे दाबायची याचा अंदाज घेत राहायचं, हे त्यानं कित्येक दिवसांत केलंच नव्हतं. दुसरी टाळलेली गोष्ट म्हणजे तबला सुरात लावणं. हातोडी हातात घ्यायचा कंटाळा. जसा आहे तसा, उतरलेला तबला तो वाजवत होता.

दोन्ही गोष्टींना गवई लागतो. कोणाच्या तरी षड्जाशी जुळवायचं म्हणून तबला लावायचा, आणि कोणी तरी आलाप भरणार म्हणून ठेका रिकामा ठेवायचा. समोर कोणी नसताना संथ ठेका धरून बसणं म्हणजे नुसत्या मात्रा मोजणं. एका संध्याकाळी त्यानं विचारलं ते यातूनच आलं होतं: “सर, कायदा मी स्वतःसाठी वाजवेन. ठेका कोणासाठी वाजवू?”

साथीदाराचं दुखणं गायकाहून किंवा सतारवादकाहून वेगळं असतं ते इथे. गायकाचा रियाज हीच त्याच्या कलेची लहान आवृत्ती असते. पहाटे खर्ज लावला तरी तो गातच असतो. साथीदाराची निम्मी कला दुसऱ्याच्या घशात असते.

मैफल काय काय पुरवत होती

मैफल रद्द झाली की एकच गोष्ट गेली असं वाटतं, आणि ती एकच गोष्ट परत आणायचा खटाटोप सुरू होतो. या वादकाच्या बाबतीत पाहिलं तर मैफल तीन कामं करत होती. ती तारीख देत होती, म्हणजे अमुक दिवसापर्यंत हात तयार हवा हा धाक. ती कान देत होती, म्हणजे जे वाजेल ते कोणी तरी ऐकणार याची खात्री. आणि ती विषय ठरवून देत होती: अमुक गायिका आहे म्हणजे झूमरा हा संथ ताल येणार, अमुक गवई आहे म्हणजे द्रुत तीनतालात दम लागणार. रोज सकाळी ‘आज काय वाजवू’ हा प्रश्न त्याला वीस वर्षांत पडलाच नव्हता. पडला तेव्हा त्याचं उत्तर शोधण्यातच सकाळ जाऊ लागली.

इथे मानसशास्त्रातला एक प्रयोग हटकून सांगितला जातो. १९७१ साली एडवर्ड डेसी यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सोमा नावाची ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. मधल्या सत्रात काही जणांना कोडं सुटल्यावर पैसे दिले आणि पुढच्या सत्रात ते बंद केले. पैसे मिळालेले विद्यार्थी त्यानंतर मोकळ्या वेळात कोड्यांकडे कमी वळले. यावरून ‘बाहेरचं बक्षीस आतली आवड मारतं’ असा निष्कर्ष काढून वादकाला सांगितलं जातं की बघ, तू टाळ्यांसाठी वाजवत होतास. मला हे लावणं घाईचं वाटतं. ठोकळे जुळवणं एकट्याचं काम आहे, पैसे त्याला बाहेरून चिकटवलेले होते. साथसंगतीत समोरचा गायक बाहेरून चिकटवलेला नसतो, तो कामाचाच भाग असतो. डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे जो सिद्धांत मांडला तो इथे जास्त उपयोगी आहे. माणूस एखादी गोष्ट मनापासून करत राहतो तेव्हा तीन गरजा भागत असतात: निवड आपली असणं, आपल्याला जमतंय असं वाटणं, आणि कोणाशी तरी नातं असणं. या वादकाचं जमणं शाबूत होतं. निवड हिरावली गेली होती आणि नातं तुटलं होतं.

म्हणूनच मोठ्या कलावंतांचे दाखले त्याला लागू पडेनात. सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स १९५९ ते १९६१ या काळात मंचापासून दूर राहिला आणि न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन एकटा रियाज करत राहिला. पियानोवादक ग्लेन गूल्डनं एप्रिल १९६४ नंतर जाहीर मैफल केली नाही, १९८२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो ध्वनिमुद्रणच करत राहिला. कुणीतरी याला या गोष्टी धीर द्यायला पाठवल्या होत्या. तो वैतागून म्हणाला, “त्यांनी मैफल सोडली. माझी कोणी काढून घेतली.” बरोबर होतं त्याचं. शिवाय दोघांपुढे काहीतरी होतं, एकापुढे नव्या वादनाचा शोध आणि दुसऱ्यापुढे स्टुडिओ.

जे करून पाहिलं आणि टिकलं नाही

पहिला उपाय त्याचा स्वतःचा होता: चिल्ला. चाळीस दिवस ठरावीक काळ अखंड रियाज. तबल्याच्या परंपरेत त्याला मान आहे आणि योग्य वेळी त्यातून हात घडतोही. पण चिल्ला हा धावपळीतून मुद्दाम वेळ काढणाऱ्यासाठी आहे. ज्याच्याकडे वेळच वेळ आहे आणि मनात पुढच्या महिन्याच्या खर्चाची चिंता आहे, त्याच्यासाठी तो तुरुंग होतो. शिवाय त्याची रचना अशी की एक दिवस मोडला की सगळं मोडलं. दुसऱ्या आठवड्यात उजवं मनगट दुखू लागलं. कित्येक आठवडे जेमतेम तासभर वाजवणारा माणूस एकदम सहा तासांवर गेला तर दुसरं काय होणार? खंडानंतर वादनाचा वेळ अचानक वाढवणं हे वादकांच्या हातांच्या दुखण्याचं ओळखीचं कारण आहे. चिल्ला मोडला, आणि त्यानंतरचे दिवस आधीपेक्षा वाईट गेले, कारण आता त्यात अपराधीपण मिसळलं होतं.

दुसरा उपाय समाजमाध्यमावर थेट वादन. पहिल्या वेळी बरेच लोक आले, पुढे आकडा घसरत गेला, आणि तो वाजवता वाजवता पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा बघू लागला. मैफलीत अर्धं सभागृह रिकामं असलं तरी पहिल्या रांगेतली एक मान डोलली की पुरतं. इथे मान दिसत नाही, आकडा दिसतो. वादनही बिघडलं. दर दोन मिनिटांनी काहीतरी चमकदार हवं म्हणून तुकड्यावर तुकडे, आणि संथ काम आणखी मागे.

तिसरा उपाय, व्हिडिओ कॉलवर प्रत्यक्ष साथ. नेहमीची गायिका तयार होती, दोघांनी उत्साहानं सुरुवात केली आणि समेवरच अडखळले. यातलं गणित समजून घेण्यासारखं आहे. कॉलवर आवाज पोचायला १५० मिलिसेकंद लागतात असं धरू, प्रत्यक्षात पुष्कळदा त्याहून जास्तच लागतात. द्रुत तीनताल मिनिटाला ४०० मात्रांच्या लयीत चालला असेल तर एक मात्रा बरोबर १५० मिलिसेकंदांची होते. तिनं घेतलेली सम याला एक मात्रा उशिरा ऐकू येते. तो तिच्यावर धा देतो, तो तिला आणखी एका मात्रेनं उशिरा पोचतो. म्हणजे तिच्या कानाला सम दोन मात्रा मागे पडली. ती वाट बघते म्हणून लय उतरते, हा उतरलेल्या लयीला धरतो म्हणून ती आणखी उतरते. एकत्र वाजवताना साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांपलीकडचा उशीर लय ओढू लागतो असं मानलं जातं. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे १५० मिलिसेकंदांचा उशीर हे पन्नास मीटर लांब बसून साथ करण्यासारखं आहे. विलंबितात निभावेल असं त्यांना वाटलं होतं. एका आवर्तनाला (तालाच्या एका फेरीला) मिनिट लागणाऱ्या बारा मात्रांच्या एकतालात मात्रा पाच सेकंदांची, तिच्यात हा उशीर लपायला हवा. मात्रेच्या पोटात लपतोही, पण मुखडा (बंदिशीची समेकडे नेणारी ओळ) घेऊन गायिका समेवर उतरते तो क्षण लपत नाही. त्यात कॉलचं ॲप तानपुऱ्याला सततचा गोंगाट समजून दाबतं आणि डग्ग्याची आस खातं. झूमसारख्या ॲपमध्ये मूळ आवाज तसाच जाऊ देण्याची सोय आहे, ती सुरू केल्यावर नाद सुधारला. उशीर तसाच राहिला.

चौथा उपाय थोडक्यात: स्वतःच स्वतःला तारीख देणं. ‘महिनाअखेर झपतालाचं पूर्ण स्वतंत्र वादन रेकॉर्ड करणार.’ महिनाअखेर आली, तारीख पुढे गेली. कोणाचंच अडत नव्हतं.

जे टिकलं

कॉल फसल्यावर त्याच गायिकेशी बोलताना एक वेगळी व्यवस्था निघाली. दर आठवड्याला ती तानपुऱ्यावर गाऊन सात-आठ मिनिटांचं ध्वनिमुद्रण पाठवणार. ताल सांगायचा नाही, लय सांगायची नाही, सोबत क्लिक किंवा यंत्राचा ठेका लावायचा नाही. त्यानं ते ऐकायचं, मुखड्यावरून ताल आणि लय धरायची, आणि इअरफोनमध्ये तिचं गाणं ऐकत पहिल्याच प्रयत्नात साथ रेकॉर्ड करून परत पाठवायची. दुसरा प्रयत्न नाही. मग तिनं एकच गोष्ट सांगायची, कौतुक किंवा तक्रार, पण एकच.

दुसऱ्या प्रयत्नाची मनाई तिच्या आग्रहानं आली. त्याला आधी जाचक वाटली. पण पुन्हा रेकॉर्ड करायची मुभा असली तर माणूस वीस वेळा रेकॉर्ड करून शेवटी काहीच पाठवत नाही, हे इतर बऱ्याच जणांच्या बाबतीत मी त्या काळात पाहिलं. शिवाय मैफलीत तरी दुसरा प्रयत्न कुठे असतो?

पहिल्याच आठवड्यात तबल्याला हातोडी लागली. लागणारच होती, गाणं एका ठरलेल्या सुरात होतं. विलंबित ठेकाही आपोआप परत आला. आणि ध्यानीमनी नसलेला फायदा म्हणजे अनिश्चितता परत आली. घरच्या रियाजात वादक एकच कायदा तासभर घोटतो, हाताला ते सोपं जात जातं आणि प्रगती होतेय असं वाटतं. शिआ आणि मॉर्गन यांनी १९७९ मध्ये हातांच्या हालचालींच्या सरावावर प्रयोग केला, त्यात एकेक हालचाल सलग घोटणारे सरावात पुढे दिसले, पण हालचालींची सरमिसळ करून सराव करणाऱ्यांना नंतर त्या जास्त चांगल्या आठवल्या. मैफल ही सरमिसळ फुकटात करून देत असते. इथे ती गायिकेच्या न सांगण्यातून मिळाली. एकदा तिनं रूपक तालातली मध्यलयीची बंदिश अशा जागेपासून धरली की त्याची सम पहिल्या दोन आवर्तनांत चुकलीच. ते तसंच गेलं. तिची एका वाक्यातली प्रतिक्रिया: “सापडल्यावर घाबरून जोरात वाजवलंस.” त्या आठवड्यात तो फक्त रूपक वाजवत होता.

रियाजाला बसण्याचं कारणही बदललं. ‘मी रियाज करायला हवा’ हे ओझं रोजचं असतं आणि रोज टाळता येतं. ‘ताईंचं गाणं येऊन पडलंय, अजून साथ केलेली नाही’ हे टाळणं जड जातं. मी मघाशी मैफलीची तीन कामं सांगितली, त्यांत तारीख सगळ्यात महत्त्वाची असेल असा माझा कयास होता. या प्रकरणात कान आणि विषय परत आल्यावर तारीख मागोमाग आली. आठवड्याचा वार ठरवलेला नव्हता, तरी ध्वनिमुद्रणं वेळेवर परत जात राहिली.

त्याला रियाजात मजा येऊ लागली का? नेहमी नाही. यात चिंता करण्यासारखं काही नाही. एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या व्हायोलिनवादकांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही वादकांनी एकट्यानं केलेला सराव प्रगतीसाठी सर्वांत मोलाचा मानला होता, सर्वांत आनंदाचा मात्र मानला नव्हता. ‘मन लागलं तर वाजवीन’ ही अट व्यावसायिक वादकालाही परवडत नाही. या काळात त्यानं एक किमान ठरवून घेतलं: तबला लावायचा आणि एक आवर्तन विलंबित धरायचं, मग उठायची परवानगी. कधी कधी तो खरंच उठला. त्याला मी दोष दिला नाही, आणि मुख्य म्हणजे त्यानंही स्वतःला दिला नाही.

शिकवण्यांबद्दलही एक गोष्ट नोंदवतो. कॅमेऱ्यासमोर ‘तिरकिट’ संथ करून दाखवताना त्याला स्वतःच्या निकासातला (बोल काढण्याच्या पद्धतीतला) एक जुना दोष दिसला, अनामिका विनाकारण उचलली जात होती. कार्यक्रमांच्या धबडग्यात तो दुरुस्त करणं शक्य नव्हतं. बोट बदललं की पहिले काही महिने वेग उतरतो, आणि पुढच्या शनिवारी कार्यक्रम असेल तर कोणी तो उतरू देत नाही. रद्द झालेल्या काळाचा खरा उपयोग, मला वाटतं, अशाच कामांसाठी आहे ज्यात आधी बिघडावं लागतं. पण ते त्यानं कान परत आल्यानंतर केलं, आधी नाही. निराश माणसाला ‘मूळ पाया दुरुस्त करून घे’ म्हणणं म्हणजे आणखी खचवणं.

पैशाचं सांगितल्याशिवाय हे प्रकरण अर्धवट राहील. शिकवण्यांमधून थोडी मिळकत सुरू झाली तेव्हापासून रियाज सुधारला, हे त्याच्या नोंदींत स्वच्छ दिसतं. गायिकेबरोबरची व्यवस्था त्याच सुमारास सुरू झाली, त्यामुळे कशाचा वाटा किती हे वेगळं काढता येत नाही. ज्याची चूल थंडावली आहे त्याला रियाजाची प्रेरणा शिकवायला जाऊ नये.

मैफली परतल्यावर

पहिल्या मैफलीच्या वेळी हात तयार होता, ठेका भरीव होता, बोटाची दुरुस्ती टिकली होती. कमी पडलं ते दोन ठिकाणी. द्रुतात वीस-पंचवीस मिनिटं एका दमात ओढायची ताकद उरली नव्हती, कारण सात-आठ मिनिटांच्या ध्वनिमुद्रणांत तिची गरजच पडली नव्हती. ही कमतरता काही आठवड्यांत भरून निघाली. दुसरी जास्त खोल होती. ध्वनिमुद्रणातली गायिका त्याचं ऐकत नव्हती, तो एकटाच तिला ऐकत होता. दोन वर्षं त्यानं तिच्या मागे जाण्याचा रियाज केला आणि त्यात तो तरबेज झाला. पण गायिकेला पुढे ढकलणं, तिनं एखादी जागा घ्यावी म्हणून ठेक्यात तिच्यासाठी दार उघडून ठेवणं, तिच्या तानेला उत्तर देऊन पुढची तान मागणं, हे सगळं त्याच्याकडून सुटलं होतं. ती मैफलीनंतर म्हणाली की साथ फार नम्र झाली आहे. ते परत यायला पुढच्या मैफलीच लागल्या, घरी बसून त्यावर उपाय सापडला नाही. पुन्हा अशी वेळ आलीच तर एकाच खोलीत बसणारा कोणी नवशिका गायक महिन्यातून एकदा तरी शोधायचा, असं त्याचं म्हणणं आहे.

आठवड्याची ध्वनिमुद्रणं कार्यक्रम सुरू झाल्यावर थांबली. एक-कान-एक-वाक्य ही पद्धत मात्र त्यानं स्वतःच्या विद्यार्थ्यांना लावली आहे, दोघादोघांच्या जोड्या करून. त्यातल्या काही जोड्या चालतात, काही लगेच बंद पडतात. एकमेकांच्या वादनाबद्दल खरं बोलण्याइतकी ओळख ज्यांची नाही, त्या बंद पडतात, असं त्याचं निरीक्षण आहे.